चोथ्यासकट

मित्रांनो, आरोंद्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर जासिंत मेकॅनिकचे घर आहे. त्या घरातल्या ओट्यावर, गॅसच्या शेगडीशेजारी बसलेला जुना मिक्सर म्हणजे मी. मुळात माझा रंग पांढरा होता. इतकी वर्षे हळद आणि मिरची अंगावर उडून तो आता फणसाच्या गऱ्यासारखा पिवळट झाला आहे. माझ्या मोठ्या भांड्याचे झाकण दुसऱ्याच कुठल्या मिक्सरचे आहे आणि दांडीला तारेचे वेढे आहेत. पण मी चालतो. चालतो तेव्हा शेजारच्या शेवंतीच्या अंगणापर्यंत कळते की चालतो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे तांब्याची बारीक तार गुंडाळून माझी मोटर बनवली, तीन भांडी बरोबर दिली आणि खोक्यात बंद करून मला सावंतवाडीच्या एका दुकानात पाठवले. तिथून जासिंतने मला घरी आणले. तो पंप, पंखे, होड्यांची इंजिने दुरुस्त करायचा. लोकांचे मिक्सरही त्याच्याकडे यायचे. दुसऱ्यांचे मिक्सर चालू करून परत देताना त्याला वाटायचे, आपली बायको बर्नादेत मात्र अजून पाट्यावर खोबरे वाटते. म्हणून त्याने मला घेतले. पण घरी आल्याबरोबर त्याने पहिले काम काय केले असेल? स्क्रू काढून मला उघडले.

"नवो मिक्सर हाडलस आणि तेचे तुकडे करतंस?" बर्नादेतने विचारले.

"आतून कसो आसा ता बघल्याशिवाय मी ह्येका घरात ठेवचंय नाय," जासिंत म्हणाला.

त्याने माझी तार पाहिली, माझे बेअरिंग फिरवून पाहिले, थोडे तेल सोडले आणि मला पुन्हा जोडले. त्या दिवसापासून या घरात मला आतून ओळखणारे एक माणूस होते. किती यंत्रांच्या नशिबी हे येते?

पुढची वर्षे कामाची गेली. सकाळी नारळाचे वाटप, दुपारी कधी कोथिंबिरीची चटणी, संध्याकाळी आंबोळ्यांचे पीठ. नाताळच्या आदल्या दिवसांत तर मला उसंत नसे. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या लाल मिरच्या, लसूण, दालचिनी, लवंग हे सगळे माझ्या भांड्यात पडे आणि घरभर नाक झोंबे. त्यांचा मुलगा सिडनी लहानपणी माझा आवाज ऐकून उठायचा. पाहुणे बर्नादेतच्या हाताचे कौतुक करत. मग ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "हात माझो, पण मेहनत हेची."

सिडनी मोठा झाला आणि नोकरीसाठी आखातात गेला. एका नाताळाला त्याने घरी एक ज्युसर धाडला. काळा, चकचकीत, एका बाजूने भाजी घालायची आणि दुसऱ्या बाजूने काचेसारखा स्वच्छ रस पडायचा. चोथा मागच्या डब्यात आपोआप जाऊन बसे. बर्नादेतने त्याला ओट्यावर मधोमध जागा दिली आणि मला मोरीजवळच्या फळीवर सरकवले. वाटपापुरते मला खाली उतरवायचे, काम झाले की पुन्हा वर. माझी भांडी नीट घासली जात नव्हती. लसूण आणि तिरफळांचा वास त्यांच्यात मुरून राहिला. मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो. पण खोबरे वाटायला मीच लागत होतो, तेवढ्यावर मी समाधानी होतो.

मग पावसाळा सरता सरता एक दिवस जासिंतच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर पडला. तो अंगणापलीकडच्या आपल्या शेडमध्ये एक पंप उघडून बसला होता. त्याने तो उचलायला हात पुढे करू पाहिला, तर हात आलाच नाही. शेवंती कुंपणाजवळ गवत कापत होती. तिने त्याला एका बाजूला कलताना पाहिले आणि धावत जाऊन धरले. त्याच दिवशी त्याला गोव्यातल्या इस्पितळात नेले.

तो परत आला तेव्हा बराच वाळला होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. बोलणे जड झाले होते, शब्द तोंडातच घोळत. इस्पितळात त्याच्या नाकातून पोटात नळी घातली होती. घरी सोडण्याआधी ती काढली आणि बर्नादेतला सांगितले की सगळे दाट द्या, मऊ द्या. ती त्याला शिजवून घोटलेली पेज भरवू लागली. ती उतरत होती. पण सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री पेज. ज्या माणसाने जन्मभर सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, तिखले आणि भात खाल्ला, त्याचे तोंड त्या पेजेला विटले.

फोनवर सिडनीला काळजी वाटायची. एकदा तो म्हणाला, "ममा, पापाक भाजयेचो रस दी. गाजर, बीट, दुधी. ज्युसर आसा मा घरात? तेच्यात काढ. ताकद येतली."

बर्नादेतला हे पटले. रस म्हणजे औषधासारखा, हलका, चांगला. तिने गाजरे सोलली, बीट कापले, शेवंतीच्या मळ्यातला दुधी आणला. ज्युसरने आपले काम चोख केले. लाल, पातळ, नितळ रस पेल्यात उतरला. तिने तरीही तो फडक्यातून गाळला, म्हणजे एक कणसुद्धा त्याच्या घशाला लागू नये.

जासिंतने एक घोट घेतला. क्षणभर काही झाले नाही. मग त्याला जो खोकला आला तो थांबेचना. डोळे लाल झाले, ओठ काळसर पडले, डावा हात हवेत काहीतरी शोधत राहिला. बर्नादेत त्याला पुढे वाकवून पाठ चोळत होती आणि देवाचे नाव घेत होती. मी फळीवरून हे सगळे पाहत होतो. खोकला थांबला तेव्हा दोघेही घामाने भिजले होते.

त्या संध्याकाळी तिने पेजेचा चमचा पुढे केला तर त्याने ओठ मिटून घेतले. दुसऱ्या दिवशीही तेच. एखाददुसरा चमचा कसाबसा आत जाई, की तो मान फिरवी. त्याला भूक नव्हती असे नाही. त्याला भीती बसली होती. पुन्हा इस्पितळात न्यावे लागले तर पुन्हा नाकात नळी, हे त्यालाही माहीत होते आणि तिलाही. त्या दिवसांत बर्नादेत ओट्याशी उभी राहायची आणि नुसता नळ सोडायची. हातात धुवायला काही नसायचे.

तेव्हा नम्रता आली. ती सावंतवाडीहून येई आणि रुग्णांना बोलायचे, गिळायचे व्यायाम शिकवी. तिने सगळे ऐकून घेतले. मग ज्युसरचा मागचा डबा उघडून आत बघितले.

"काकू, हा चोथा टाकता तुम्ही?"

"टाकतेच ना. रस काढल्यावर त्यात काय राहिलं?" बर्नादेत तिच्याशी जपून, पुस्तकी मराठीत बोले. "फडक्याने गाळतेसुद्धा."

नम्रता तिच्यावर रागावली नाही. तिने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून समजावले. मित्रांनो, तेव्हा मलाही पहिल्यांदा कळले. आपल्या घशात दोन वाटा असतात, एक श्वासाची आणि एक अन्नाची. घास आला की श्वासाच्या वाटेवरचे दार पटकन मिटते. जासिंतचे ते दार आजारामुळे सावकाश मिटू लागले होते. पातळ पाणी धावत येते. दार मिटायच्या आत ते चुकीच्या वाटेने शिरते, म्हणून तो गुदमरला. दाट पदार्थ मात्र हळू उतरतो. तो दाराला वेळ देतो.

"म्हणून गाळायचं नाही," नम्रता म्हणाली. "भाजी अगदी मऊ वाफवा, साल काढा, पाणी थोडं घाला आणि सगळं एकत्र वाटा. चमचा कलता केला तर गोळा टपकन पडायला हवा, ओघळता कामा नये. बोटांत चोळून बघा, रवा लागला तर पुन्हा फिरवा. पालेभाजीचे दोरे राहू देऊ नका. काका ताठ बसलेले हवेत, हनवटी जरा खाली. आणि खाऊन झाल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही."

"पण ते तोंडच उघडत नाहीत, बाय," बर्नादेत म्हणाली, आणि पुढचे तिला पुस्तकी मराठीत सांगता आले नाही. "माकाच भिता तो आता. माज्या हातातलो चमचो बघलो की भिता."

नम्रताने तिचा हात धरला. "तुम्ही बनवा. मी परवा परत येते."

ती गेल्यावर बर्नादेतने फळीकडे पाहिले. मला खाली उतरवले. झाकण काढून भांडे हुंगले आणि तिचे तोंड पडले.

शेवंती तेवढ्यात मळ्यातून दुधी आणि लाल भोपळ्याची फोड घेऊन आली होती. तीही हुंगून म्हणाली, "बर्नाबाय, लसणीचो वास मारता गो. असो रस जासिंतबाब पिवचे नाय. हाड हंय."

तिने माझ्या भांड्यात मूठभर भिजलेले तांदूळ आणि लिंबाची साल घालून मला फिरवले. ते ओतून टाकले, पुन्हा तेच केले. मग पात्याखालची जागा काडीला फडके गुंडाळून पुसली. इतकी अंघोळ मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. भांडे उन्हात वाळत ठेवले. दुधी कापताना शेवंतीने आधी एक चकती चाखली आणि दुसरी बर्नादेतच्या हातात दिली.

"चाखून बघ. कडू लागलो तर अख्खो फेकून दी. कडू दुधयेचो रस पोटात गेलो तर माणूस आडवो पडता."

दुधी गोड होता. दुधी, भोपळा, गाजर, सोललेला टोमॅटो, आल्याचा एवढासा तुकडा असे सगळे वाफवून निवले आणि माझ्या मधल्या भांड्यात आले. बर्नादेतने बटण फिरवले. मी जीव ओतून कामाला लागलो. फोडी विरल्या, भगवा रंग भांड्याभर फिरू लागला. आणि अचानक माझ्या माथ्यावर काहीतरी कडकन तुटले. मोटर जोरात फिरत राहिली, पण वरचे पाते थांबले.

बर्नादेतने बटण बंद केले. पुन्हा चालू केले. नुसतीच घरघर. "आता ह्योव बंद पडलो," ती म्हणाली आणि पाटावर बसली. ती रडली नाही. पण तिला उठावेसेही वाटत नव्हते, असे तिच्या खांद्यांवरून दिसत होते.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला. जड, घोळलेला. तिला वाटले तो पाणी मागतो आहे. ती दारात गेली.

"काय होया तुका?"

जासिंतने डावा हात उचलून आत दाखवले. "कप... लर," तो म्हणाला. मग पुन्हा, अधिक नेटाने, "कप्लर. हाड."

दिवसचे दिवस तो एक शब्द बोलला नव्हता. पण त्याचे कान तेच होते. भिंतीपलीकडून त्याने माझी मोटर ऐकली होती आणि माझे कुठे दुखते ते त्याला कळले होते. भांडे आणि मोटर यांना जोडणारा माथ्यावरचा छोटा दातेरी तुकडा, त्याला कप्लर म्हणतात. माझा झिजून तुटला होता.

शेवंतीने माझी वायर काढली आणि मला उचलून त्याच्या खुर्चीपुढच्या मेजावर ठेवले. बर्नादेत शेडमध्ये जाऊन सुट्या भागांचा बिस्किटांचा डबा घेऊन आली. जासिंतने डाव्या हाताने डबा चाळला, एक कप्लर उचलला, तुटलेल्याशेजारी धरला, टाकला. दुसरा उचलला आणि मान हलवली. मग त्याने मला आडवे करायला लावले. खालून मोटरचा दांडा स्क्रू ड्रायव्हरने अडवून धरायचा आणि वरून कप्लर सोडवायचा. दोन हातांचे काम. त्याचा उजवा हात पुढे आला नाही. त्याने तो थोडा वेळ पाहिला. मग स्क्रू ड्रायव्हर त्याने बर्नादेतपुढे धरला.

"मी?" ती म्हणाली. "माका काय कळता हेच्यातला?"

त्याने स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून ठेवला.

तिने घेतला. दांडा अडवला, पकडीने कप्लर धरला आणि जोर लावला. तो हलेना.

"उलटो," जासिंत म्हणाला.

"उलटोच फिरवतंय मी."

"उ-ल-टो." आता त्याच्या आवाजात चक्क जुना जासिंत होता, गिऱ्हाइकाने चुकीचा स्क्रू पिळला की चिडणारा. "ह्येचो आटो... उलटो आसता."

शेवंतीने पदर तोंडाला लावला. बर्नादेतने दुसऱ्या बाजूने फिरवले आणि तुटका कप्लर सुटून मेजावर पडला. नवा तिने स्वतःच बसवला. तो नीट बसला का, हे जासिंतने अंगठ्याने दाबून पाहिले. मग भांडे चढवून मला तिथेच मेजावर चालू केले. पाते फिरले, फोडींचा उरलेला रवा विरघळला आणि माझा आवाज पुन्हा सपाट, भरीव झाला. जासिंत डोळे मिटून ऐकत होता. त्याने हात वर केला तेव्हाच बर्नादेतने बटण बंद केले.

तिने चमचा कलता केला. गोळा टपकन वाटीत पडला. ती त्याच्याकडे पाहायचे धाडस करत नव्हती, म्हणून वाटीकडेच पाहत होती. मग तिने तोच चमचा आपल्या तोंडात घातला आणि गिळला.

जासिंतने डाव्या हाताचे बोट वाटीत बुडवून चाटले. थोडा वेळ त्याचा जबडा हळूहळू हलला.

"मीठ नाय," तो म्हणाला.

शेवंती मीठ आणायला पळाली. बर्नादेतने मीठ घातले, कोकमाच्या आगळाचे दोन थेंब घातले, उशी लावून त्याला ताठ बसवले. त्याने हनवटी खाली केली आणि तोंड उघडले. चमचा आत गेला. गळा वर सरकला, खाली आला. शेवंती मिठाची बरणी हातात धरून बघत होती. अंगणातली कोंबडीसुद्धा उंबऱ्यावर येऊन उभी राहिली होती, असे आपले मला आठवते. खोकला आला नाही. तो पुन्हा तोंड उघडेपर्यंत बर्नादेत थांबली. मग दुसरा चमचा.

ती वाटी संपायला खूप वेळ लागला. पण ती संपली.

नम्रता परत आली तेव्हा ती दारातूनच रिकामी वाटी बघून हसली. सिडनीला फोनवर सगळे कळले. "ममा, मीच चुकीचा सांगितलंय," तो म्हणाला. "पापाचा बरा व्हावा म्हणानच सांगितलंस मा?" बर्नादेत म्हणाली आणि विषय बदलला. ज्युसरही घरात आहे. चैत्रात पाहुणे आले की कलिंगडाचा रस तोच काढतो. त्याचे माझे वैर नाही. तो वाईट नव्हता, त्याचे काम त्या घशाला नको होते, एवढेच.

मला मात्र पुन्हा ओट्यावर जागा मिळाली. माझे मधले भांडे आता फक्त जासिंतच्या दाट, चोथ्यासकट रसाचे. हिवाळाभर शेवंतीच्या मळ्यातून भाजी येत राहिली. कधी भोपळा आणि टोमॅटो, कधी बीट आणि बटाटा, कधी कोवळी पालेभाजी भरपूर वाटून आणि दोरे तपासून. एकदा बर्नादेतने गुपचूप माशाच्या कढीचा रस्सा त्यात मिसळला. जासिंतने पहिल्याच चमच्याला भुवया उंचावल्या आणि त्या दिवशी वाटी लवकर संपली. नम्रताला सांगितल्यावर ती म्हणाली, काटा नसेल आणि दाट असेल तर घाला खुशाल. हळूहळू तिने त्याला मऊ भात दिला, मग कुसकरलेला मासा. अंगावर मांस आले. शब्द अजून जड आहेत, पण ते येतात, आणि बरेचसे तक्रारीचे असतात.

आणखी एक गोष्ट झाली, तीही सांगतो. एकदा वाडीतली शर्मिला आपला बंद पडलेला मिक्सर घेऊन आली. जासिंत आजारी आहे हे ती विसरली होती. शेडचे बंद दार बघून ओशाळली आणि परत निघाली. तेव्हा बर्नादेत म्हणाली, "ठेव थंय. बघतंय मी." जासिंत खुर्चीत बसून सांगत गेला आणि ती करत गेली. त्या मिक्सरच्या मोटरला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा झिजला होता, तो तिने बदलला. मग दुसऱ्या घरून एक आला, तिसऱ्या घरून पंखा आला. आता शेडचे दार सकाळी उघडते. जासिंतची खुर्ची आत असते. तो कान देऊन ऐकतो, ती हात चालवते. दोघांचे दिवसातून चारदा तरी वाजते. शेवंती म्हणते, लग्न झाल्यापासून हे दोघे इतके कधी बोलले नव्हते.

मित्रांनो, मी आता फार वर्षे चालेन असे नाही. बेअरिंग झिजले आहे, ते मला ठाऊक आहे. पण त्याची खंत वाटत नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखा कोणी ओट्यावर असेल. त्याचे भांडे धुऊन कोरडे करा, बूड ओले ठेवू नका, आवाज बदलला तर बटण बंद करून कारण शोधा. आणि तुमच्या घरात कोणी सावकाश जेवणारे असेल, आजोबा, आजी, आजारी मावशी, तर त्यांचे ताट आवरायची घाई करू नका. त्यांच्याशेजारी बसा. एक घास खाली उतरेपर्यंत थांबा, आणि मगच दुसरा पुढे करा.